पांढरं म्हणून नको, पांढरं म्हणूनच हवं

*ताई, नमस्कार. आमच्याकडे राणी नावाची बॉक्सर कुत्री आहे, तीन वर्षांची. पहिलंच वेत. आठ पिल्लं झाली. पाच तांबूस, तीन पांढरीशुभ्र. आज पाच आठवड्यांची आहेत. ज्यांच्या नराशी जोड लावली ते पुण्याचे गृहस्थ आपलं पिल्लू निवडायला आले आणि पांढरी बघून म्हणाले, "ही तिसऱ्या दिवशीच इंजेक्शन देऊन संपवायची असतात. बहिरी निघतात, जातीच्या नोंदणीचे कागद होत नाहीत, कुणी नेत नाही." तांबूस पिल्लं ठरली. पांढऱ्यांचं काय करावं कळत नाही. एकजण फोनवर म्हणतो, "रेअर व्हाइट आहे, मादीचे चाळीस हजार देतो." चुलतभावाला पोल्ट्रीवर राखणीला एक हवंय. बारावीतला मुलगा म्हणतो तिन्ही ठेवू, आणि हिने त्यावर माहेरी जायची भाषा केली आहे. काय करू? तुम्ही एखादं घ्याल का?*
*स. पां., सातारा*

दादा, तुम्ही पाठवलेला फोटो आधी पाहिला, पत्र नंतर वाचलं. फरशीवर गोणपाट, त्यावर राणी आडवी, आणि पोटाशी आठ जणांची झोंबाझोंबी. पांढऱ्या तिघांपैकी एकजण तांबूस भावाच्या डोक्यावर पाय देऊन दूध ओढतोय. संपवायची वेळ आलेला जीव असा दिसत नाही.

त्या पुण्याच्या गृहस्थांच्या बोलण्यात थोडं खरं आहे आणि बरंचसं सोयीचं. ते आधी निवडून घेऊ.

तुमची पिल्लं अल्बिनो नाहीत. डोळे बघा, गडद आहेत. राणीच्या छातीवर पांढरा पट्टा, पायांत पांढरे मोजे आणि कपाळावर रेघ आहे, आणि नरही तसाच असणार. बॉक्सरवाले अशा कुत्र्याला कौतुकाने फ्लॅशी म्हणतात आणि त्याचे चार पैसे जास्त लावतात. या कुत्र्यांकडे पांढऱ्या रंगाचा एक वाटा आईकडून किंवा बापाकडून आलेला असतो. तो वाटा दोन्हीकडून आला की पिल्लू पांढरं होतं. दोन फ्लॅशींची जोड लावली की सरासरी चारांत एक पांढरं येणारच. आठांत दोन यायला हवी होती, तुमच्याकडे तीन आली, एवढंच. यात राणीचा दोष नाही, तुमच्या खाण्यापिण्याचा नाही, ग्रहणाचा तर नाहीच. आणि वर्षानुवर्षं जोड्या लावणाऱ्या माणसाला हे माहीत नसतं असं मला कुणी सांगू नये. त्यांना पांढरे मोजे हवे असतात, पण मोज्यांच्या हिशेबात येणारं पांढरं पिल्लू नको असतं.

पहिला बॉक्सर क्लब निघाला म्युनिकमध्ये, १८९५-९६च्या सुमारास. तेव्हाच्या कुत्र्यांत पांढरी आणि कवडी भरपूर होती. मेटा फॉन डेर पासाज नावाची एक कुत्री या जातीची मूळ आई मानली जाते, आणि ती बरीचशी पांढरीच होती. पुढे जर्मनांना हे कुत्रं पोलिसांत आणि पहाऱ्याला वापरायचं होतं. रात्री पांढरं कुत्रं लांबून दिसतं, म्हणून १९२०च्या दशकात क्लबने पांढऱ्याला बाद केलं. आजही प्रदर्शनात अंगावरचा पांढरा भाग एक तृतीयांशाच्या वर गेला की कुत्रं बाहेर. म्हणजे अडचण आहे ती रिंगणात फिरवायची. सोफ्यावर झोपायला कागद लागत नाहीत.

आता खरा भाग. पांढऱ्या बॉक्सरांत बहिरेपण जास्त असतं. सगळी बहिरी निघत नाहीत; साधारण शंभरांत १५ ते २० एका किंवा दोन्ही कानांनी बहिरी असतात. अंगाला रंग देणाऱ्या पेशी कानाच्या आतही असतात आणि ऐकण्याची यंत्रणा त्यांच्यावर तगून असते. त्या तिथे पोचल्याच नाहीत तर जन्मानंतर काही आठवड्यांतच आतल्या ऐकण्याच्या नाजूक केसपेशी मरतात आणि पुन्हा येत नाहीत. तुमची पिल्लं पाच आठवड्यांची आहेत, म्हणजे जे व्हायचं ते बहुतेक होऊन गेलंय. फक्त तुम्हाला अजून कळलेलं नाही.

हे किती उशिरा कळू शकतं ते मी स्वतः पाहिलंय. माझ्याकडे कापूस नावाचा पांढरा बॉक्सर होता. ज्यांनी दिला त्यांनी "थोडा हट्टी आहे" एवढंच सांगितलं. चैत्रातले दिवस होते. मी आणि शेजारच्या काकूंनी गच्चीवर कुरडया घातल्या आणि कापसाला टाकीच्या सावलीत राखणीला बसवला. तासाभराने जिन्यावरून डोकावले तर कावळ्यांची पंगत बसलेली. कावकाव अशी की खालच्या मजल्यावर ऐकू येत होती. आणि आमचा राखणदार चारही पाय आकाशाकडे करून गाढ झोपलेला. मी ओरडले. काकूंनी उलथन्याने परात बडवली. कावळे उडाले, कापूस हलला नाही. मी धावत जवळ गेले तेव्हा स्लॅबच्या हादऱ्याने तो दचकून उठला आणि माझ्याकडे बघून शेपूट हलवायला लागला. दोन महिने मी त्याला "ऐकत नाही, ऐकत नाही" म्हणून रागावत होते. म्हणत होते ते खरंच होतं, फक्त अर्थ चुकला होता.

त्याच दुपारी दुसरी गोष्ट कळली. टाकीची सावली सरकली होती आणि त्याचं गुलाबी पोट आणि नाकाचा शेंडा भाजून निघाला होता. आठवडाभर पोटाची सालं निघत होती. बॉक्सरला मुळात केस तोकडे, त्यात पांढऱ्याच्या कातडीला रंगाचं संरक्षण नाही. नाक, पापण्या, कानांची टोकं, पोट, मांड्यांची आतली बाजू उन्हात पोळतात, आणि हे वर्षानुवर्षं झालं तर कातडीचा कॅन्सर होऊ शकतो. पुन्हा आखूड नाकामुळे या जातीला धापा टाकून अंग थंड करणं नीट जमत नाही. तेव्हा दुपारी घरात, फिरणं सकाळी आणि दिवेलागणीला. नाकाला मलम लावायचंच तर डॉक्टरांना विचारून, झिंक ऑक्साइड नसलेलं. कुत्रं ते चाटतं आणि झिंक पोटात जाणं वाईट.

आता कान तपासा. आणखी आठवडाभराने, एकेका पिल्लाला भावंडांपासून वेगळ्या खोलीत न्या. हे महत्त्वाचं, कारण गोळक्यात एक उठलं की सगळी उठतात आणि बहिरं पिल्लू बेमालूम खपून जातं. ते झोपलं की पाठीमागून, लांबून आवाज करा. किल्ल्यांचा जुडगा, डब्याचं झाकण, शिट्टी. टाळी जवळ वाजवू नका, वारा लागतो. पाय आपटू नका, जमीन हलते. स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी होते तेव्हा कोण मान वर करतं तेही बघून ठेवा. दोन-तीन दिवस, वेगवेगळ्या वेळी. एका कानाने बहिरं पिल्लू यात सापडणार नाही; ते उठेल, पण आवाज कुठून आला हे शोधत भलतीकडे बघेल. पक्कं कळायला बेअर नावाची चाचणी असते. डोक्याला बारीक सुया लावून कानात टिकटिक आवाज सोडतात आणि मेंदूकडून उत्तर येतं का ते बघतात. तुमच्या डॉक्टरांना विचारा पुण्या-मुंबईत कुठे होते. नाहीच जमली तर घरी जे दिसलं ते लिहून ठेवा आणि पिल्लू न्यायला येणाऱ्याला तसंच सांगा.

दोन्ही कानांनी बहिरं निघालं तरी हातपाय गाळू नका. कापूस आमच्याकडे नऊ वर्षं राहिला. हाताच्या खुणांवर बसायचा, थांबायचा, यायचा. अंगठा वर केला की "शाब्बास". अंधारात बोलवायला गच्चीचा दिवा दोनदा उघडझाप. झोपेतून उठवताना नाकापुढे हात धरायचा, वास लागला की आपणच डोळे उघडायचा. एकदम अंगाला हात लावला तर दचकून तोंड टाकतात अशी कुत्री. रस्त्यावर साखळीशिवाय एकदाही नाही, कारण मागून येणारी गाडी त्याला कळणार नव्हती. दिवाळीत मात्र सोसायटीतली झाडून सगळी कुत्री पलंगाखाली आणि आमचा कापूस दारातल्या रांगोळीशेजारी पसरलेला. सुतळी बॉम्बने पण त्याची झोप मोडली नाही.

आता गिऱ्हाइकांकडे येऊ.

चाळीस हजारवाल्याला नाही सांगा. त्याला मादीच का हवी आहे, विचार केलात? पांढऱ्या मादीला गडद, म्हणजे अजिबात पांढरं नसलेला नर लावला की वेतातलं प्रत्येक पिल्लू फ्लॅशी निघतं. एकही बाद नाही, सगळी चढ्या भावाची. म्हणजे ज्या पोरीला एकजण इंजेक्शन देऊन टाका म्हणतो, तिच्याच पोटावर दुसरा दुकान मांडायला निघालाय. आणि दुर्मीळ कसली? चारांत एक येणाऱ्या गोष्टीला दुर्मीळ म्हणत नाहीत. त्याला फोन करून एवढंच सांगा की मादी पिल्लं न होण्याच्या ऑपरेशनच्या अटीवर देतो. फोन आपोआप ठेवला जाईल.

चुलतभावालाही नाही. नात्यात नाही म्हणणं जड जातं हे मला कळतं. डॉक्टरांनी उन्हात ठेवायला मनाई केलीय असं सांगा. खोटं नाही, विचारलंत तर तेही हेच सांगतील. बॉक्सर हे माणसांत राहणारं कुत्रं आहे. पोल्ट्रीच्या पत्र्याखाली साखळीला बांधून ठेवलं की ते भुंकून भुंकून वेडं होतं नाहीतर उन्हाळ्याच्या पहिल्याच तडाख्यात जातं. भावाला राखण हवी असेल तर गावातलं एखादं गावठी पिल्लू बघून द्या. कान शाबूत, ऊन सोसतं, आणि कोल्हा-मुंगूस त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा आधी कळतो.

मग द्यायचं कुणाला? इथे माझं मत ठाम आहे. पांढऱ्या कुत्र्याला घर शोधू नका, बॉक्सरला घर शोधा. ज्याला रंग आवडलाय तो सहा महिन्यांत कंटाळतो. पिल्लू तोवर पंचवीस किलोच्या घरात जातं, पाहुण्यांच्या छातीवर पाय ठेवतं, लाळेचे धागे भिंतीवर उडवतं आणि अपानवायू असा सोडतं की बैठकीतली माणसं एकमेकांकडे बघतात. तीन वर्षांचं होईपर्यंत त्याला अक्कल येत नाही. हे सगळं ऐकून ज्याच्या चेहऱ्यावर हसू येतं तो तुमचा माणूस. ज्याच्या घरी आधी बॉक्सर होऊन गेलाय तो तर पहिला. तुमच्या डॉक्टरांना विचारा की गेल्या एक-दोन वर्षांत कुणाचा म्हातारा बॉक्सर गेला. अशा घरांत साखळी अजून खुंटीला असते.

जाहिरात टाकायची तर मोबाइलवर गोड गोड वाक्यं नकोत. साधारण असं लिहा:

"बॉक्सरची तीन पांढरी पिल्लं, आठ आठवडे पूर्ण. आई घरी बघायला मिळेल. जंताचं औषध आणि पहिली लस झाली आहे. कान घरी तपासले आहेत, ज्याचं जे आढळलं ते समोर सांगू. घरात, माणसांत राहणारं कुत्रं आहे. साखळीला, गच्चीवर, गोडाऊनला देणार नाही. पिल्लं काढण्यासाठी देणार नाही. वयात आल्यावर ऑपरेशन करायचं. लसींचा खर्च घेऊ. बघायला घरातल्या सगळ्यांनी यायचं."

शेवटच्या वाक्यावर अडून राहा. पोरगा हौसेने घेऊन जातो आणि घरातली आजी तिसऱ्या दिवशी परत पाठवते, हे मी इतक्यांदा पाहिलंय की मोजणं सोडलं. आले की चहा द्या आणि बोलतं करा. घर भाड्याचं का, मालकाला विचारलंय का? दिवसभर घरी कोण असतं? आधीचं कुत्रं कशाने गेलं? या प्रश्नाला जो माणूस जरा थांबून उत्तर देतो त्याच्यावर माझा विश्वास बसतो. "पळून गेलं" असं सहज म्हणणाऱ्यावर नाही. पिल्लू पोचवायला स्वतः जा, त्यांच्या दारी त्यांना गाठा. कंपाऊंडला फट किती, ऊन कुठे येतं, पाणी कुठे ठेवणार, सगळं दिसतं. आणि साध्या कागदावर दोघांच्या सह्यांनी लिहून घ्या की ठेवणं जमलं नाही तर पिल्लू तुमच्याकडेच परत येईल, परस्पर तिसऱ्याला जाणार नाही. त्या कागदापेक्षा तुमचा दर महिन्याचा फोन जास्त कामाचा, पण कागद असू दे.

फुकट देऊ नका. मोठी किंमतही घेऊ नका. लसींचे पैसे मोजताना जो कुरकुरतो तो पुढे डॉक्टरकडेही कुरकुरणार. आणि या जातीला डॉक्टर लागतो. रंग कुठलाही असो, बॉक्सरमध्ये हृदयाचे आजार आणि गाठी इतरांहून जास्त दिसतात. आयुष्य साधारण दहा-बारा वर्षं. हेही सांगून टाका.

घाई मात्र अजिबात नको. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायला २०१७च्या केंद्राच्या नियमांनी मनाई आहे. फुकट द्यायचं असलं तरी तोवर आईपासून तोडू नका. चावायचं किती जोरात हे भावंडांच्या किंकाळ्यांनीच शिकतात ती. दहा आठवडे झाले, बारा झाले तरी बिघडत नाही. कुणीच येईना म्हणून रात्री कुठल्या मंदिरापाशी सोडून यायचा सल्ला देणारे भेटतील. प्राण्याला उपासमारीच्या तोंडी सोडून देणं हा १९६०च्या कायद्याने गुन्हा आहे. कायदा राहू दे बाजूला, हायवेवर बहिरं पिल्लू किती तास टिकेल याचा हिशेब त्यांना विचारा.

राहिला मुलगा. तिन्ही नाही, हे वहिनींचं बरोबर. पण कान तपासून होईपर्यंत त्याला थांबवा, आणि एखादं पिल्लू दोन्ही कानांनी बहिरं निघालं तर ते ठेवायचा विचार करा. त्याला घर मिळणं सर्वांत अवघड, आणि ज्या घरात ऐकणारी आई आहे तिथे बहिऱ्या कुत्र्याचं फार सोपं होतं. राणी उठली की ते उठेल, राणी दाराकडे गेली की तेही जाईल. मुलगा बारावीत आहे, पुढच्या वर्षी कॉलेजला कुठे जाईल सांगता येत नाही, तेव्हा कुत्रं त्याचं म्हणून ठेवू नका. वहिनींना खरंच नको असेल तर नाही म्हणजे नाही. त्यांच्यावर लादलेलं कुत्रं शेवटी त्यांच्याच गळ्यात पडणार. हे तुम्ही तिघांनी जेवताना बोला, व्हॉट्सअॅपवर नको.

राणीचं दूध आटलं की डॉक्टरांना ऑपरेशनची तारीख विचारा. पुण्याचे गृहस्थ पुढच्या वर्षी पुन्हा जोड लावू म्हणून नक्की फोन करतील.

मी घेणार नाही, दादा. कापूस गेल्यावर मी लिफ्ट नसलेल्या चौथ्या मजल्यावर राहायला आले आणि आता माझेच गुडघे मला वर नेताना कां-कू करतात. पण डाव्या डोळ्यापाशी तांबूस ठिपका असलेल्या त्या पिल्लाचा फोटो पुन्हा एकदा पाठवा. पहिला हललेला आला आहे.